इचलकरंजीहून निलगिरी: आठ दिवस, एक गाडी आणि एकच डोंगर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इचलकरंजीहून निघायचं, डिसेंबरचा शेवटचा आठवडा, हातात आठ दिवस. गाडी पेट्रोल, एएमटी गिअरची, म्हणजे क्लच यंत्रच दाबतं ती. चालवणारे तुम्ही एकटे. सोबत ७१ वर्षांच्या आई, पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी. यादीत उटी, कोडाईकनाल आणि मुन्नार. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘चहाचे मळे नीट बघायचेत, नुसते फोटो काढायला जायचं नाही.’ त्या शेवटच्या वाक्यामुळे एवढं सविस्तर लिहितोय.

माझा कोल्हापुरात चहा पावडरीचा घाऊक धंदा आहे. १९९९ पासून वर्षातून एकदा तरी निलगिरीतल्या कुन्नूरला जातो, बहुतेक वेळा स्वतःच्या गाडीनं. तिथला चहाचा लिलाव आता संगणकावर होतो, त्यासाठी जायची गरज नसते. पण माल कसा निघतोय हे कारखान्यात उभं राहून, वास घेऊन जेवढं कळतं तेवढं नमुन्याच्या पुडीतून कळत नाही. त्यामुळे रस्ता आणि चहा, दोन्हींवर बोलतो.

आधी यादी कापू. उटी ते मुन्नार नकाशात जवळ दिसतं. प्रत्यक्षात निलगिरीचा डोंगर पूर्ण उतरून मेट्टुपाळयम, कोइंबतूर, उदुमलपेट, मग चिन्नारच्या जंगलातून मरयूरमार्गे दुसरा डोंगर चढायचा. साधारण २४० किलोमीटर, पण एका दिवसात दोन घाट आणि मध्ये कोइंबतूरची गर्दी. आठ तास धरा. मुन्नारहून कोडाईकनालला जायला टॉप स्टेशनवरून सरळ रस्ता असल्याचं जुन्या नकाशात दिसेल. तो कित्येक वर्षं वाहनांना बंद आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. म्हणजे पुन्हा उतरा, पुन्हा चढा. आणि कोडाईकनाल हा चहाचा डोंगर नव्हेच. थंड हवा, तळं, सगळं छान, पण तुम्हाला चहा बघायचाय.

तिन्ही करायला गेलात तर आठपैकी सहा दिवस गाडीतच जातील आणि आईंना आठवेल ती फक्त मळमळ. तेव्हा एकच डोंगर धरा, निलगिरी. मुन्नार दिसायला जास्त देखणं आहे, हे मी निलगिरीचा माणूस असूनही मान्य करतो. पण मुन्नारला बहुतेक मळे एकेका मोठ्या कंपनीचे. निलगिरीत एक-दोन एकरवाले हजारो छोटे शेतकरी आहेत, ते पानं तोडून कारखान्याला घालतात. आपल्याकडे ऊस कारखान्याला जातो, तसंच. भावावरून भांडणंही तशीच. हिरव्या पानाला किलोमागे किती मिळणार यावर तिथं उपोषणं झालीत, आपल्याकडे एफआरपीवरून, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरावरून होतात तशी. तुम्ही इचलकरंजीचे, उसाच्या पट्ट्यातले; त्यामुळे तुम्हाला तो डोंगर वाचता येईल.

मुक्काम उटीत करू नका, कुन्नूरला करा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उटीच्या बाजारात गाडी घालणं म्हणजे गणपतीत कोल्हापूरच्या महाद्वार रोडला गाडी घालण्यासारखं. उटी साधारण २,२४० मीटरवर, कुन्नूर १,८५० च्या आसपास. तेवढ्या फरकानं रात्रीची थंडी आईंना सोसेल अशी होते. शिवाय चहा खरा कुन्नूर आणि कोटागिरीच्या बाजूला आहे. लिलावाचं केंद्रही कुन्नूर आणि दक्षिणेतल्या मळेवाल्यांची १८९३ साली स्थापन झालेली उपासी ही संघटनाही तिथलीच. उटीला एक दिवस जाऊन या, पुष्कळ झालं.

आता जाताना. कागलला महामार्ग धरा आणि बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत पहिल्या दिवशी चित्रदुर्गला थांबा. चारशेच्या वर किलोमीटर होतात, पण रस्ता सरळ आहे, दुपारी चारपर्यंत पोचाल. संध्याकाळी मुलीला किल्ला दाखवा. तटाच्या आत तट, असा सात फेऱ्यांचा किल्ला आहे. आईंना पहिल्या दोन दरवाजांपर्यंतच न्या, पुढं चढ आहे. महामार्गापासून आत, चन्नगिरी तालुक्यात होदिगेरे नावाचं गाव आहे. १६६४ साली शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजे तिथं वारले, त्यांची समाधी तिथं आहे. माझ्या सुरुवातीच्या पाच-सहा फेऱ्यांत मी ते माहीत नसताना तिथून भरधाव निघून गेलो. यायच्या वाटेवर वेळ उरला तर वाट वाकडी करा.

दुसऱ्या दिवशी हिरियूरपर्यंत तोच महामार्ग, तिथून तो सोडून हुळियार, नागमंगल, श्रीरंगपट्टणमार्गे म्हैसूर. बंगळूरला वळसा घालायचं काही कारण नाही. दुपारी जेवायला म्हैसुरात असाल. आराम करा, राजवाडा बघा, लवकर झोपा. तिसरा दिवस महत्त्वाचा आहे.

बंदीपूरचं जंगल रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंद असतं, २००९ पासून. तुमचा संबंध फक्त इतकाच की परतताना उशीर झाला तर चौकीवर रात्र काढावी लागेल. जाताना मात्र म्हैसूरहून सकाळी साडेसहाला निघा. नंजनगूड, गुंडलुपेट; गुंडलुपेटला इडली-वडा खाऊन घ्या, कारण पुढं जंगलात थांबायची परवानगी नाही. थांबू नकाच. हत्ती रस्त्याकडेला उभा असतो तो शांत दिसतो, आणि लोक उतरून त्याच्याबरोबर फोटो काढायला जातात. गतिरोधक खूप आहेत, चाळीसच्या वर जायची गरज पडणार नाही.

कर्नाटक संपून तमिळनाडू लागतं त्या कक्कनल्ला चौकीवर दोन गोष्टी तपासतात. पहिली ई-पास. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं मे २०२४ पासून निलगिरीत येणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना तो लागतो. पैसे लागत नाहीत. गाडीचा नंबर, माणसं किती, राहणार कुठं, किती दिवस, एवढं भरलं की येतो. २०२५ च्या उन्हाळी हंगामात तर न्यायालयानं गाड्यांची संख्याच बांधून दिली होती, एरवीच्या दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,०००. तुमच्या आठवड्यात काय नियम असेल ते निघायच्या आधी सरकारी संकेतस्थळावर बघा आणि पास घरूनच काढा. चौकीवर मोबाइलला रेंज शोधत उभं राहण्यात सकाळ जाते. दुसरी गोष्ट प्लास्टिक. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, कॅरीबॅग, कप, सगळं निलगिरी जिल्ह्यात बंद आहे आणि दंड करतात. स्टीलच्या बाटल्या आणि कापडी पिशव्या घ्या. चिवड्याची प्लास्टिकची पिशवी आधीच डब्यात रिकामी करा.

पुढं तेप्पकाडूला रस्ता फुटतो. एक मसिनागुडीवरून कल्लट्टी घाटानं उटीला जातो, दुसरा गुडलूरवरून. गुगल तुम्हाला मसिनागुडीचा दाखवेल, कारण तो तीसेक किलोमीटरनं जवळ आहे. त्या घाटात ३६ हेअरपिन वळणं आहेत, प्रत्येकाला नंबरची पाटी. चढ इतका उभा की भरलेल्या एएमटी गाडीची परीक्षाच. उतरायला तर बाहेरच्या गाड्यांना तिथं सहसा सोडतच नाहीत, इतके अपघात झालेत. मी एकटा असलो तर त्या रस्त्यानं चढतो, मजा येते. पण तुमच्यासोबत आई आहेत, तुमचा हा पहिलाच मोठा घाट आहे. तुम्ही गुडलूरवरून जा. रस्ता रुंद, वळणं मोकळी, आणि गुडलूर सोडलं की दोन्ही बाजूंना चहाच चहा. नडुवट्टमला थांबून पहिला चहा प्या.

नडुवट्टमचा इतिहास मुलीला सांगण्यासारखा आहे. इथं एकोणिसाव्या शतकात मलेरियावरच्या औषधासाठी सिंकोनाची झाडं लावली होती. अफूच्या युद्धात पकडलेले चिनी कैदी इथल्या तुरुंगात ठेवले होते आणि त्यांच्यापैकी काहींनी चहाची लागवड शिकवली, असं तिथं सांगतात. तुरुंगाची इमारत अजून दाखवतात. त्या भागात तमिळनाडू सरकारच्या टॅनटी या चहा महामंडळाचे मळे आहेत. भारत आणि श्रीलंकेच्या पंतप्रधानांनी केलेल्या १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो कराराप्रमाणे श्रीलंकेतून परत आलेल्या तमिळ मजुरांना काम मिळावं म्हणून ते मळे उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या तिकडच्या मळ्यांत राबलेली माणसं इथं येऊन पुन्हा चहाच खुडू लागली.

गाडीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझ्या ओळखीतले लोक हॉटेलची चौकशी दहादा करतात आणि ब्रेकची एकदाही करत नाहीत.

एएमटी म्हणजे आतून साधी गिअरचीच गाडी, क्लच फक्त यंत्र दाबतं. चढावर रांगेत अडकलात की ॲक्सिलरेटर अर्धवट दाबून गाडी जागेवर धरून ठेवू नका. क्लच तापतो, जळका वास येतो आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. थांबलात की हँडब्रेक ओढा. निघताना थोडी ताकद दिल्यावरच सोडा. पुढचा माणूस चिकटून उभा असेल तर अंतर ठेवा, एएमटी सुटताना हातभर मागं येतेच. चढ सुरू झाला की गिअरचा दांडा मॅन्युअलवर घ्या. नाहीतर ऐन वळणावर गाडी दुसरा की तिसरा याचा विचार करत बसते आणि तुम्ही मध्येच लटकता.

उतार जास्त अवघड. २००६ साली कोटागिरीहून मेट्टुपाळयमला उतरताना मी जुन्या डिझेल गाडीत होतो, मागं सहा पोती नमुने. तिसऱ्या गिअरमध्ये ब्रेक दाबत दाबत चाललो होतो, गप्पांच्या नादात. अर्ध्या घाटात जळक्या रबरासारखा वास आला, आणि पुढच्या वळणावर पाय दाबला तर पेडल मऊ, आत जातंय नुसतं. दुसरा, मग पहिला गिअर टाकून, हँडब्रेक ओढत डोंगराच्या बाजूला गाडी लावली. तासभर बसलो. एक जीपवाला थांबला, चाकाजवळ हात नेऊन बघितलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा. तेव्हापासून तेच करतो. ब्रेक वळणाआधी, सरळ रस्त्यावर, एकदा जोरात दाबून सोडायचा. सतत पाय ठेवून घासत न्यायचा नाही. तापलेल्या चाकावर पाणी मात्र ओतू नका, डिस्क वाकडी होते.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. दोन वर्षांवर जुनं असेल तर तापल्यावर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. माझं तेच झालं होतं. निघायच्या आधी ते बदला, पॅडची जाडी बघा, टायर आणि वायपरचं रबर बघा. बाकी काही नवं बसवायची गरज नाही.

घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, तो नियमच आहे. वळणावर एसटीएवढी बस येत असेल तर ती पूर्ण रस्ता घेणार. वळणाआधीच थांबा, तिला जाऊ द्या. तिकडचे बसचालक फार तयारीचे असतात, पण त्यांना तुम्ही वळणाच्या पोटात घुसलेले चालत नाहीत. दुपारी चारनंतर धुकं उतरतं. तेव्हा दिवे खालीच ठेवा, अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. काचेवर आतून बाष्प धरलं तर एसी लावून हवा काचेवर सोडा, थंडी वाजली तरी. थोडक्यात, चारच्या आत गाडी मुक्कामाला लागली पाहिजे. मुलीला गाडीत मोबाइल देऊ नका, आईंना पुढच्या सीटवर बसवा. मळमळीवर मला तरी एवढेच दोन उपाय सापडलेत.

आता चहा.

कुन्नूरच्या आसपास पर्यटकांना कारखाना दाखवणारे बरेच आहेत. पाटी दिसली की लोक आत शिरतात, पाच मिनिटांत काचेमागून यंत्रं बघतात आणि चॉकलेटच्या दुकानात बाहेर पडतात. तुम्ही असं करू नका. आदल्या दिवशी फोन करून विचारा, ‘उद्या कारखाना चालू आहे का, आणि पान किती वाजता येतं?’ डिसेंबर-जानेवारीत थंडीनं झाडाची वाढ मंदावते, पान कमी येतं, काही कारखाने एक दिवसाआड चालतात. बंद कारखान्यात लोखंडाशिवाय बघण्यासारखं काही नसतं.

पान दिवसभर खुडलं जातं आणि दुपारनंतर टेम्पोतून येतं. ते आधी लांबलचक जाळीच्या हौदांवर पसरतात, खालून पंख्यांनी हवा सोडतात. दहा-बारा तास, कधी जास्त. पान मरगळतं, हातात धरलं तर मोडत नाही, रुमालासारखं दुमडतं. तिथं उभे राहा आणि श्वास घ्या. हिरव्या सफरचंदासारखा वास येतो आणि मी सव्वीस वर्षं त्याच वासासाठी जातोय असं म्हटलं तरी चालेल. रात्रभर मरगळलेलं पान पहाटे यंत्रात जातं. म्हणून माझा सल्ला, सकाळी लवकर जा. सात-आठच्या सुमाराला पुढचं सगळं जोरात चालू असतं.

आपण घरी उकळतो तो दाणेदार चहा म्हणजे सीटीसी (क्रश, टीअर, कर्ल). दात असलेले दोन रूळ एकमेकांवर वेगवेगळ्या वेगानं फिरतात, एक दुसऱ्याच्या दहापट वेगानं. त्यांच्यात पान चिरडतं, फाटतं आणि गोळी होते. हे यंत्र आसामात १९३० च्या दशकात निघालं. बाहेर पडतो तेव्हा माल चटणीसारखा हिरवागार असतो. मग तो पट्ट्यावर पसरून ठेवतात आणि तासाभरात डोळ्यांदेखत तांबूस होतो. याला सगळे फर्मेंटेशन म्हणतात, पण इडलीच्या पिठासारखं आंबणं नव्हे ते. कापलेलं सफरचंद काळं पडतं तसं, हवेनं होणारं. मुलीला हे दाखवाच. नेमक्या कोणत्या मिनिटाला माल भट्टीत घालायचा हे तिथला टीमेकर वासावर ठरवतो. पाच मिनिटं लवकर तर चहा कच्चा, हिरवट. उशीर झाला तर रंग येतो पण जीव जातो. भट्टीतून निघाल्यावर ओल तीन टक्क्यांच्या आसपास उरते. मग चाळण्यांतून दाण्याच्या आकाराप्रमाणे प्रती वेगळ्या होतात: मोठा दाणा बीपी, त्याखाली बीओपीएफ, मग पीडी, आणि सगळ्यात बारीक डस्ट. साडेचार किलोच्या आसपास हिरवं पान गेलं की एक किलो चहा हाती येतो.

डस्ट म्हणजे झाडून काढलेला कचरा, असा आपल्याकडे समज आहे. तसं नाही. तो बारीक दाण्याचा प्रकार आहे, लवकर उतरतो, दक्षिणेतल्या हॉटेलांना तोच लागतो. चांगला डस्ट वाईट बीपीपेक्षा महाग असतो.

मळ्यात शिरण्याबद्दल. हिरवा गालिचा दिसतो म्हणून लोक झुडपांत घुसतात. ते कुणाचं तरी शेत आहे, आपल्या उसात कुणी फोटो काढायला घुसलं तर आपण काय म्हणू? औषध मारलेलं असतं. आणि कुन्नूर-कोटागिरीत चहाच्या मळ्यात गवे फिरतात. राधानगरी-दाजीपूरला गवा बघायला जीपमध्ये बसावं लागतं, इथं तो हॉटेलच्या फाटकाशी उभा असतो. संध्याकाळी पायी फिरताना मळ्याच्या वाटेवर काळा दगड दिसला तर तो दगडच आहे ना याची खात्री करा. खुडणाऱ्या बायकांना पाठीला टोपली लावून उभं राहायला सांगू नका. आता बऱ्याच ठिकाणी हातात कात्री असते, कात्रीला खोकं लावलेलं, पाठीवर पोतं. त्यांना पानाच्या वजनावर पैसे आहेत, तुमचा फोटो म्हणजे त्यांचा खाडा. मालकाला विचारून बांधावरून बघा. दोन पानं आणि एक कळी कशी खुडतात ते कुणीतरी हसत मुलीला दाखवतंच.

कुन्नूरहून लँब्ज रॉक आणि डॉल्फिन्स नोज या दरी बघायच्या जागांचा रस्ता मळ्यांतूनच जातो, तो सकाळी आठच्या आत करा, नंतर गाड्यांची रांग लागते. सिम्स पार्क १८७४ सालचं आहे, आईंना तिथं बाकावर बसवून तुम्ही फिरा. एक पूर्ण दिवस कोटागिरीला द्या. वीसेक किलोमीटरचाच रस्ता, पण माझ्या मते निलगिरीतला सगळ्यात सुंदर, आणि उटीची गर्दी तिथं पोचत नाही. जॉन सुलिवन या कलेक्टरनं १८१९ साली बांधायला घेतलेला बंगला तिथल्या कन्नेरिमुक्कूला आहे, आता छोटं संग्रहालय. पुढं कोडनाडचा कडा. खाली मोयारची दरी आणि पलीकडे म्हैसूरचं पठार, म्हणजे तुम्ही आलात तो मुलूख.

मळ्यांत मध्ये मध्ये उभी दिसतात ती सावलीची झाडं सिल्व्हर ओक, ऑस्ट्रेलियातून आणलेली. आणि कडेचं उंच, साल सोललेलं झाड म्हणजे आपली निलगिरी. गंमत बघा, तेही झाड ऑस्ट्रेलियाचंच, पण मराठीत त्याला या डोंगराचंच नाव बसलं. तिथं कुणाला ‘निलगिरी कुठंय’ विचारलंत तर तो पायाखाली बोट दाखवेल.

आई आणि मुलीला कुन्नूर ते उटी गाडीनं नेऊ नका, छोट्या रेल्वेनं पाठवा. पत्नी सोबत असतीलच, तुम्ही मोटार घेऊन उटी स्टेशनवर उभे राहा. ही रेल्वे १८९९ ला कुन्नूरपर्यंत आणि १९०८ ला उटीपर्यंत आली, २००५ पासून जागतिक वारशात आहे. दातेरी रूळ आणि वाफेचं इंजिन असतं ते खालच्या मेट्टुपाळयम-कुन्नूर टप्प्यात. वरच्या टप्प्याला डिझेल आहे, पण सव्वा तासात आटोपतं आणि आईंना ते बरं. तिकिटं डिसेंबरात उभ्या उभ्या मिळत नाहीत, आजच बघा. येताना उटीची वर्की घ्या. आपल्या खारीची थोराड बहीण आहे. चहात बुडवली की फुगते.

डिसेंबरात रात्री उटीच्या सखल भागात दहिवर गोठतं, सकाळी गवत पांढरं असतं. चहाच्या झाडाला ते जाळतं, शेतकऱ्याचं नुकसान होतं. पण त्याच थंड, कोरड्या दिवसांत पान सावकाश वाढतं आणि त्याचा चहा सुगंधी होतो. ‘फ्रॉस्ट टी’ म्हणून जो विकतात तो हाच. २०११ साली बाजारातल्या एका दुकानातून मी, म्हणजे धंद्यातला माणूस, त्या नावाखाली अर्धा किलो घेऊन आलो आणि घरी बघतो तर रंग लावलेला माल. लाज वाटली म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा युक्ती लक्षात ठेवा: ओल्या पांढऱ्या टिपकागदावर चिमूटभर पावडर टाका. लगेच लालपिवळे डाग पसरले तर रंग आहे. चांगला चहा सावकाश, अगदी फिकट उतरतो.

आणि घ्यायचं काय? दाणेदार चहा तिथून पाच किलो आणू नका. तोच लिलावातला माल आपल्याकडे येतो, आणि नुसत्या निलगिरीच्या सीटीसीला दूध-साखरेत आसामचं अंग नसतं. आईंना तो पाणचट लागेल आणि बोलणी तुम्ही खाल. आणायचा तर ऑर्थोडॉक्स आणा, लांब वळलेल्या पत्तीचा, थंडीतला, कारखान्यातूनच, पाव किलो. दूध घालू नका. कपाला अर्धा-पाऊण चमचा, उकळतं पाणी ओतून चार मिनिटं झाकून ठेवा.

तरी तिथल्यासारखा तो घरी लागणार नाही, याची मला दरवर्षी कुणीतरी तक्रार करतं. कुन्नूरच्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपास उकळतं, आणि ते पाणी डोंगरातलं, हलकं. आपल्याकडे शंभराच्या जवळ उकळतं आणि बोअरचं असेल तर जड. चहावर तवंग येतो, वास दबतो. फिल्टरचं पाणी घ्या, उकळी आल्यावर मिनिटभर थांबून ओता. बऱ्यापैकी जवळ जाल. डबा घट्ट झाकणाचा, आणि मसाल्याच्या कपाटात ठेवू नका. चहा शेजारच्याचा वास उचलतो.

हवामान. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ईशान्य मोसमी पावसाची शेपूट असते आणि कुन्नूर-कोटागिरीच्या पूर्व उतारावर दरडी पडतात. शेवटच्या आठवड्यात बहुतेक उघडीप मिळते, पण आधीचे चार दिवस बातम्या बघत राहा. तारखा हलवता येत असतील तर जानेवारीत पोंगल आटोपल्यावर जा. तोच डोंगर निम्म्या गर्दीत मिळेल. शाळेमुळे जमणार नसेल तर कुन्नूरचं राहणं या आठवड्यातच ठरवा.

परतताना आल्या वाटेनंच या. सातव्या दिवशी सकाळी सहाला कुन्नूर सोडलं तर दुपारी म्हैसूर, संध्याकाळी हिरियूर किंवा चित्रदुर्ग. आठव्या दिवशी घरी. कोटागिरीहून मेट्टुपाळयम, सत्यमंगलम आणि दिंबम घाटानं चामराजनगरला निघायचा रस्ता तुम्ही विचारलात. जंगल देखणं आहे, पण एक घाट पूर्ण उतरायचा आणि २७ वळणांचा दुसरा चढायचा, तोही रात्री बंद असणारा. तुमची गाडी त्या उतारावर न्यायची की नाही, हे मी आत्ता सांगणार नाही. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय ते गॅरेजच्या बिलावर बघून कळवा, मग ठरवू.